मान, वर्गणी आणि ६१७४

मार्च संपत आला की मी रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून एक यादी मागवते. कॉलेजची तीन सत्रं पुरी झालेली, आपल्या वर्षात वरच्या पस्तीस टक्क्यांत असलेली, गणिताचे किमान तीन विषय घेतलेली (त्यात कॅल्क्युलस हवंच) आणि गणितातली सरासरी ‘बी’च्या खाली न गेलेली मुलं-मुली. एखाद्या वर्षी डझनभर नावं निघतात, एखाद्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकी. मग प्रत्येकाला पत्र जातं : काप्पा म्यू एप्सिलॉन या गणिताच्या राष्ट्रीय ऑनर सोसायटीत आपली निवड झाली आहे, अभिनंदन, एप्रिलमधल्या अमुक संध्याकाळी समारंभ आहे, येताना सभासदत्वाचं शुल्क आणावं.

पत्रातला हा शेवटचा भाग फोनवर ऐकून आई तिकडे नाशिकरोडला हसत सुटली होती. “अगं, म्हणजे सत्कारही करून घ्यायचा आणि वर्गणीही आपणच भरायची? नारळ तरी देता का हातात?” नारळ देत नाही. सर्टिफिकेट देतो, ज्याला हवी त्याला पिन देतो, आणि नंतर पिझ्झा असतो.

मी कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजात गणित शिकवते. मक्याची आणि गव्हाची शेतं, एक रेल्वेलाइन, एक धान्याची कोठारं असलेला उंच मनोरा आणि त्याच्या सावलीत आमचं कॉलेज. इथल्या शाखेची ‘करस्पाँडिंग सेक्रेटरी’ म्हणून माझी नेमणूक झाली, म्हणजे काय झालं, तर आधीचे प्राध्यापक निवृत्त झाले आणि जाताना पत्र्याच्या कपाटातल्या एका खणाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. खणात जुन्या पत्रव्यवहाराच्या फायली, मेणबत्त्यांचा अर्धवट पुडा आणि जाड पुठ्ठ्याची एक वही. दरवर्षीचे नवे सभासद या वहीत सही करतात. सुरुवातीची पानं फाउंटन पेनची, अक्षरं तिरकी आणि रेखीव, नावं बहुतेक जर्मन शेतकऱ्यांच्या घरातली. मग बॉलपेन आलं आणि अक्षर बिघडलं. पुढे व्हिएतनामी नावं दिसू लागतात, मग नेपाळी. एका पानावर रोमन सह्यांच्या रांगेत एकच सही चक्क देवनागरीत आहे, ठसठशीत शिरोरेघ मारलेली. ती बघून मला उगीचच बरं वाटतं.

ग्रीक अक्षरांचा हा सोस अमेरिकेत फार जुना. ५ डिसेंबर १७७६ ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा काप्पा काढली. देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. हे मंडळ गुप्त होतं : शपथ, खुणेचं हस्तांदोलन, सगळा थाट. गुप्तता पुढे गळून पडली, अक्षरं राहिली, आणि एकेका विषयाने आपापली तीन अक्षरं उचलली.

गणिताची पाळी आली ती सिरॅक्यूज विद्यापीठात. ही हकिगत मी नव्या सभासदांना मुद्दाम सांगते, कारण तिच्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तिथे १९०३ पासून एक साधं गणित मंडळ चालू होतं. लोक जमायचे, कुणीतरी काहीतरी वाचायचं, बाकीचे शंका काढायचे. एडवर्ड ड्रेक रो या प्राध्यापकांच्या पुढाकाराने मे १९१४ मध्ये त्यातून पाय म्यू एप्सिलॉन उभी राहिली. म्हणजे अकरा वर्षं नुसतं जमणं झालं, आणि मग मान आला. माझ्या हातात किल्ली आली तेव्हा आमच्याकडे गाडी नेमकी उलटी लागलेली होती. एप्रिलात मान द्यायचा, पिझ्झा खायचा, वही खणात ठेवायची, की पुढच्या एप्रिलपर्यंत सगळं थंड. जमायचं कशासाठी, हे कुणी विचारतच नव्हतं.

काप्पा म्यू एप्सिलॉनचा जन्म सतरा वर्षांनंतरचा, १९३१ चा, ओक्लाहोमातल्या टाहलेक्वा गावात. हे चेरोकी राष्ट्राच्या राजधानीचं गाव. चेरोकींनी आपल्या मुलींसाठी १८८९ मध्ये तिथे विटांची एक देखणी शाळा बांधली होती. पुढे राज्य सरकारने ती विकत घेतली आणि तिथे शिक्षक घडवणारं कॉलेज सुरू झालं. त्या कॉलेजात एमिली कॅथरिन वायंट गणित शिकवत होत्या. महामंदीची वर्षं, ओक्लाहोमासारखं होरपळलेलं राज्य, मोठ्या विद्यापीठांच्या नकाशावर कुठेच नसलेलं कॉलेज. अशा ठिकाणी बसून या बाईंनी ठरवलं की पदवीच्या मुलांसाठी, लहान कॉलेजांतल्या मुलांसाठी गणिताची राष्ट्रीय संस्था हवी. त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. कपाटातली ती वही उघडते तेव्हा मला हे आठवतं. आमचं कॉलेजही नकाशावर नाहीच.

वायंटबाईंच्या संस्थेने १९४१ मध्ये ‘द पेंटॅगॉन’ नावाचं नियतकालिक काढलं, ते मुख्यतः विद्यार्थ्यांच्या लेखांसाठी. (वॉशिंग्टनजवळची ती पंचकोनी इमारत तेव्हा पुरी व्हायची होती.) त्यातल्या ‘प्रॉब्लेम कॉर्नर’मध्ये कुणीतरी कोडं घालतं, पुढच्या एखाद्या अंकात उत्तरं येतात, आणि उत्तर पाठवणाऱ्यांची नावं छापतात. पाय म्यू एप्सिलॉनच्या नियतकालिकाचंही तसंच, ते १९४९ पासूनचं. शाळकरी मुलांसाठी म्यू अल्फा थीटा आहे, १९५७ ची, तीही ओक्लाहोमातलीच. या मातीत काय आहे देव जाणे.

संगणकवाल्यांची सोसायटी त्याहून धाकटी. उप्सिलॉन पाय एप्सिलॉन १९६७ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सुरू झाली. तेव्हा कितीतरी विद्यापीठांत संगणकशास्त्राचा वेगळा विभागसुद्धा नव्हता. हे नाव आपल्याकडच्या मुलांनी ऐकलेलं नसतं. पण १९७० साली या सोसायटीच्या पहिल्या शाखेने, म्हणजे टेक्सासच्याच पोरांनी, प्रोग्रॅमिंगची एक स्पर्धा भरवली. तिघांचा संघ, एक संगणक, पाच तास, हे आज जगभर चालणाऱ्या आयसीपीसीचं रूप. तिचं मूळ त्या १९७० च्या स्पर्धेत आहे. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं जिच्या ऑनलाइन फेरीसाठी रात्री जागवतात, अमृतपुरीचं किंवा कानपूरचं तिकीट मिळालं की घरी पेढे आणतात, तीच ही. प्रश्न सुटला की टेबलाला त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा बांधतात. हॉलमध्ये नुसती नजर फिरवली तरी कुणाची गाडी कुठे अडली आहे ते दिसतं.

आता बघा, त्या शाखेने वर्षाला वीस सर्टिफिकेटं वाटली असती आणि पिझ्झा खाऊन घरी गेली असती, तरी तिच्या नियमांत ते पुरेसं बसलं असतं.

माझं सगळं म्हणणं याच्याभोवती फिरतं. गुणांवरून निवड करणं हा या संस्थांचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. गुण आधीच गुणपत्रिकेवर आहेत. पहिला आलेल्याला तू पहिला आलास हे पुन्हा सांगण्यासाठी ग्रीक अक्षरं कशाला हवीत? पण निवड झाल्यावर संस्था ज्या कामांना जुंपते (उभं राहून पंधरा मिनिटं बोल, कोडं रच, दुसऱ्याचं उत्तर तपास, शाळेतल्या पोरांची स्पर्धा भरव) ती गुणपत्रिकेवर कुठेही नसतात. ‘ए’ मिळवणाऱ्या किती मुलांना फळ्यासमोर उभं राहून घाम फुटतो, हे मी दरवर्षी बघते. एका मुलाने तर पूर्ण भाषण फळ्याकडे तोंड करून केलं. गणित निर्दोष होतं. आम्हाला त्याची पाठ पाठ झाली.

मराठी घरात गणितातला मान म्हटलं की डोळ्यांपुढे रँग्लर येतो. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, बर्टविसल नावाच्या एका इंग्रजाबरोबर बरोबरीने. भारतातून हा मान मिळवणारे ते पहिलेच. त्यानंतर फर्ग्युसनचे प्राचार्य, मंत्री, कुलगुरू, काय काय झाले, पण लोकांनी त्यांना शेवटपर्यंत ‘रँग्लर परांजपे’च म्हटलं. माझ्या आजोबांच्या बोलण्यात तर ‘रँग्लर’ हे जवळजवळ पहिलं नावच होतं. केंब्रिजमध्ये तेव्हा निकालाचा क्रम जाहीर वाचून दाखवत, आणि पहिल्याचं नाव वर्तमानपत्रांत येई. त्या क्रमापायी मुलं वर्षानुवर्षं घोकंपट्टी करत, खासगी शिकवण्या लावत. गणित बाजूलाच राहतं असं म्हणणारे तिथेच होते, त्यांत स्वतः चौथा आलेला गणितज्ञ जी. एच. हार्डी आघाडीवर. १९०९ नंतर क्रम जाहीर करणं बंद झालं.

त्या मानाशी तुलना केली तर वरचे पस्तीस टक्के म्हणजे अगदीच ढिसाळ गाळणी. आईला तेही खटकलं होतं. “तिसरा हिस्सा वर्ग आत घेता, मग मान कसला?” मला उलट तो ढिसाळपणा आवडतो. एकाला सिंहासनावर बसवलं तर त्याच्याशी बोलायला दुसरा कुणी उरत नाही. दहा जण घेतले तर निदान दोन टेबलं भरतात.

आणि नाशिकच्या माणसाने रँग्लरवर थांबू नये. देवळालीच्या शाळेत १९३० पासून बत्तीस वर्षं शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसनचेच विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना कॉलेजात स्वतंत्र गणिती लेखनासाठी बक्षीस मिळालं, आणि त्या बक्षिसाचं नाव होतं रँग्लर परांजपे पारितोषिक. पुढे त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली नाही, विद्यापीठात नोकरी केली नाही. संख्यांशी खेळणारे मास्तर म्हणून अनेक विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९७५ मध्ये अमेरिकेत गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. इथल्या पदवीच्या मुलांसाठीच्या कोड्यांमध्ये कापरेकरांचं नाव आता सहज येतं, फक्त उच्चार ‘कॅप्रेकार’ होतो.

खणाची किल्ली मिळाल्यानंतरच्या पहिल्या सप्टेंबरात मी गुरुवारची संध्याकाळ ठरवली आणि दारावर कागद लावला : सभासद असा वा नसा, या. पहिल्या बैठकीला कापरेकर घेतले. नियम इतका सोपा की पहिल्या सत्रातल्या मुलालाही पाच मिनिटांत कळतो. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तराशी पुन्हा तेच. एका मुलीने ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ केलं तर पुन्हा ६१७४. शेजारच्याने आपलं जन्मसाल घेतलं, त्याचेही ६१७४. कुणी मुद्दाम वाकडी संख्या शोधली, १००० वगैरे, तरी तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. खोलीत एकदम गलका झाला, खुर्च्या सरकल्या, आणि संगणकवाल्या दोघांनी लॅपटॉप उघडून सगळ्याच्या सगळ्या चार आकडी संख्या तपासायला घेतल्या. मी पिझ्झा मागवायला विसरले, तो त्यांनीच मागवला.

त्यानंतर प्रश्न मला विचारावे लागले नाहीत. तीन आकडी घेतले तर? ४९५ वर थांबतं. दोन आकडी? तिथे थांबतच नाही : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, नुसता फेरा. मग हे चारलाच का? आणि आपण दहाचा पाया सोडून आठचा घेतला तर? त्या ‘तर?’वर एका मुलाने वर्षभर काम केलं आणि काप्पा म्यू एप्सिलॉनच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यावर बोलला. हे अधिवेशन विषम वर्षी भरतं, आणि तिथे व्यासपीठावर विद्यार्थीच असतात. आम्ही कॉलेजच्या व्हॅनमधून गेलो. जाताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही. येताना गप्प बसला नाही.

एप्रिलचा समारंभ अजून होतो, आणि मला तो आवडत नाही असं मुळीच नाही. थोडी मुंज, थोडा बक्षीस समारंभ असं त्याचं रूप आहे. पदाधिकारी विद्यार्थी बोधचिन्हाचा अर्थ वाचून दाखवतात, गुलाबी आणि रुपेरी रंगांचं काहीतरी टेबलावर असतं, पाच पाकळ्यांचा गुलाब असतो. हा गुलाब म्हणजे ध्रुवीय निर्देशकांत ‘आर बरोबर साइन पाच थीटा’ असं मी दरवर्षी फळ्यावर काढते, आणि पाचाच्या जागी चार घातले की पाकळ्या चार होत नाहीत, आठ होतात, हेही दाखवते. मागच्या रांगेतले शेतकरी वडील, टोपी मांडीवर धरून, फार लक्ष देऊन बघतात. त्यातल्या एकांनी नंतर मला विचारलं, “मग सहा पाकळ्या हव्या असतील तर काय घालायचं?” फार चांगला प्रश्न. साइनच्या आत कुठलाही पूर्णांक घातला तरी सहा येत नाहीत. विषम घातला तर पाकळ्या तितक्याच, सम घातला तर दुप्पट. सहा विषम नाही आणि तिनाची दुप्पट म्हणावी तर तीन सम नाही. त्यांना ते मुलीच्या आधी पटलं.

भारतातून मला जे फोन येतात ते मात्र वेगळ्या कारणाने. कुणाची तरी मुलगी एमएसला आली आहे, तिला पत्र आलंय की तुमची अमुक तमुक सोसायटीत निवड झाली, इतके डॉलर भरा. “मॅडम, हे खरं आहे का हो? का फसवतायत?” दोन्ही असू शकतं. चकचकीत पत्रं पाठवून पैसे गोळा करणारे इथे आहेत, आणि नावात ‘ऑनर’ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. मी तीन गोष्टी बघायला सांगते. या सोसायटीची शाखा तुझ्या विद्यापीठात आहे का, आणि विभागातला कोणता प्राध्यापक ती सांभाळतो? जाऊन त्याला भेट. निवडीचे निकष स्पष्ट लिहिलेत का? आणि १९२५ पासून ऑनर सोसायट्यांची एक शिखर संघटना आहे, तिच्या यादीत नाव आहे का? तिथे नसणं म्हणजे खोटीच असं नव्हे, पण असेल तर निम्मी काळजी मिटते. पैसे भरून उपयोग काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. अमेरिकन केंद्र सरकारच्या नोकरीत ताज्या पदवीधराला सहसा जीएस-५ श्रेणी मिळते, मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं सभासदत्व दाखवलं तर तो त्याहून वरच्या जीएस-७ साठी पात्र ठरू शकतो. हा रोख उपयोग. पण त्या नोकऱ्या बहुतेक नागरिकांनाच मिळतात, म्हणजे व्हिसावरच्या मुलीला त्याचा फायदा शून्य. तिला मी म्हणते, पैसे भरण्याआधी त्यांच्या एका बैठकीला जाऊन बस. बैठकाच होत नसतील तर त्या पैशांची पुस्तकं घे.

आमच्या गुरुवारी सर्वांत नेमाने येणारी मुलगी सभासद नाही. ती होणारही नाही बहुधा. रात्रपाळीला नर्सिंग होममध्ये काम करते, दुसऱ्या कॅल्क्युलसमध्ये तिला ‘सी’ आहे, आणि पस्तीस टक्क्यांची रेघ तिच्या बरीच वरून जाते. शाळकरी मुलांच्या स्पर्धेला कागद छापण्यापासून निकाल लावण्यापर्यंत सगळं तिने केलं. तिला आत घ्या, अपवाद करा, असं दोन सभासदांनी मला येऊन सांगितलं. मी नाही म्हटलं. नियम राष्ट्रीय घटनेतला आहे, तो मोडायचा अधिकार मला नाही, आणि एकदा सेक्रेटरीच्या मर्जीवर निवड सुरू झाली की काय होतं ते मी आपल्याकडच्या संस्थांत भरपूर पाहिलेलं आहे. त्या दोघांना माझं उत्तर आवडलं नाही. त्यांचा राग रास्त आहे असंच मला वाटतं, तरी उत्तर तेच राहील.

तिला स्वतःला या वादाचं फारसं काही नाही. ती गेले काही आठवडे पाच आकडी संख्यांच्या मागे आहे. तिथे ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही, फेरे आहेत, हे तिने हाताने शोधलं. ९५५५३ मधून ३५५५९ गेले की ५९९९४, आणि ९९९५४ मधून ४५९९९ गेले की ५३९५५, म्हणजे पुन्हा पहिल्याचेच अंक. हे कागदावर दोनदा चौकट करून तिने माझ्या दाराखालून सरकवलं होतं, सकाळी पाळी संपवून घरी जाताना. आता तिला ते ‘प्रॉब्लेम कॉर्नर’साठी नीट लिहून काढायचं आहे, आणि वाक्यरचनेवरून आमची रोज खडाजंगी होते, कारण तिच्या मते ‘स्पष्टच आहे’ हा पुरावा असतो.

पुढच्या गुरुवारी सहा आकडी घ्यायचे ठरले आहे. तिथे काय होतं ते मी मुलांना सांगितलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला धीर नसेल त्याने ५४९९४५ घेऊन बघावं, आणि मग ६३१७६४.